आरोग्यवर्तनाची कारणचक्रे : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात प्रणाली गतिकीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या आरोग्याविषयी जे लेखन होते, त्यात एक विधान निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा भेटते. लोक दवाखान्यात वेळेवर येत नाहीत. लोकांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही. लोक सांगितलेले ऐकत नाहीत. या विधानामागे एक प्रतिमान गृहीत धरलेले असते. ज्ञान वाढले की दृष्टिकोन बदलतो आणि दृष्टिकोन बदलला की वर्तन बदलते, असे ते प्रतिमान होय. सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या याच सरळ रेषेवर बेतलेल्या असतात. त्यामुळे त्यांतून निघणारा निष्कर्षही आधीच ठरलेला असतो : जनजागृतीची आवश्यकता आहे. प्रश्नच असा विचारला गेला असेल की उत्तर लोकांच्या अज्ञानातच सापडावे, तर ते तेथेच सापडते.

या सरळ रेषेला पर्याय म्हणून प्रणाली गतिकी, म्हणजेच सिस्टिम डायनॅमिक्स, या अभ्यासपद्धतीच्या आकृत्या सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात वापरल्या जाऊ लागल्या आहेत. कारण आणि परिणाम यांना बाणांनी जोडून जेथे परिणाम फिरून कारणाकडे येतो ते चक्र दाखविणे, हे या आकृत्यांचे मूळ स्वरूप. मराठी वाचकाला कारणांची मांडणी नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी विद्येच्या अभावापासून वित्ताच्या हानीपर्यंत पोहोचणारी कारणपरंपरा आहेच. तिचे अखेरचे टोक पहिल्या टोकाला जोडले, म्हणजे वित्त गेल्यामुळे पुढच्या पिढीची विद्या गेली असे दाखविले, की परंपरेचे चक्र होते. प्रणाली गतिकीचा सारा भर या जोडणीवर आहे. ही पद्धती येथील आरोग्यवर्तनाविषयी नेमके काय दाखवू शकते आणि कोठे दिशाभूल करू शकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

पद्धतीचा उगम

ही पद्धती आरोग्यशास्त्रातून आलेली नाही. विद्युत अभियंता जे फॉरेस्टर हे १९५६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या व्यवस्थापन विभागात आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकी येथील घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कामगारांची संख्या काही वर्षांच्या अंतराने वाढत आणि घटत असे. बाजारातील चढउतारांना त्याचे कारण मानले जाई. कंपनीचे स्वतःचेच नोकरभरतीचे व साठवणुकीचे निर्णय ही हेलकाव्यांची गती निर्माण करतात, हे फॉरेस्टर यांनी कागद-पेन्सिलीने आकडेमोड करून दाखविले. दोष बाहेर नसून रचनेत आहे, ही या पद्धतीची मूळ अंतर्दृष्टी होय. १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ आणि १९७२ मध्ये डोनेला मेडोज व सहकाऱ्यांचा ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या ग्रंथांनी ती जगभर पोहोचली.

तिची परिभाषा थोडक्यात सांगता येते. जे चक्र बदलाला अधिक वेग देते ते दृढीकरण चक्र आणि जे बदलाला रोखून धरते ते संतुलन चक्र. जे साचत जाते तो साठा, त्यात भर घालणारा किंवा त्यातून बाहेर नेणारा तो प्रवाह. कारण घडल्यावर परिणाम दिसेपर्यंतचा काळ म्हणजे विलंब. आणि काय आकृतीत घ्यावे, काय बाहेर ठेवावे, ही सीमा. पुढील विवेचनात साठा, विलंब आणि सीमा या तीन संज्ञांना विशेष महत्त्व आहे. कारण घाईने काढलेल्या आकृत्यांत नेमक्या याच तीन गोष्टी गाळलेल्या असतात.

भीतीचे चक्र आणि दवाखान्याची इमारत

‘लोक दवाखान्यात उशिरा येतात’ या विधानाचेच उदाहरण घेऊ. रुग्ण उशिरा येतो, म्हणून तो दगावण्याची शक्यता वाढते. दवाखान्यात मृत्यू घडला की गावात त्याची वार्ता जाते. दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, हा समज बळावतो आणि पुढचा रुग्ण आणखी उशिरा निघतो. हे दृढीकरण चक्र आहे. यात कोणाचेही अज्ञान नाही. गावकऱ्यांचा निष्कर्ष त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनांवर आधारलेला आहे आणि सांख्यिकीदृष्ट्या तो चुकीचाही नाही. येथे साचत जाणारा साठा म्हणजे भीती. ती एका घटनेने वाढते आणि कमी व्हायला मात्र अनेक वर्षे लागतात.

हे चक्र कोठे तोडावे, याचे एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यातच मिळाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम येथे सुरू केले. मोठ्या इमारतीतील दवाखान्याची भीती वाटते, असे आदिवासींनी सांगितल्यावर धानोरा मार्गावरील शोधग्राम येथे गोंड वस्तीसारख्या झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. आकृतीच्या भाषेत सांगायचे तर हस्तक्षेप ‘ज्ञान’ या चलावर झाला नाही. तो भीतीच्या साठ्यात भर घालणाऱ्या प्रवाहावर झाला. प्रश्नावलीत ‘दवाखान्याची वास्तू’ असा रकाना क्वचितच असतो.

स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या बंग दांपत्याच्या व सहकाऱ्यांच्या अभ्यासात गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्ग आढळले आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधील अंतर ‘अनास्था’ या शब्दाने झाकता येते. परंतु आरोग्यव्यवस्थेच्या बाजूने पाहिले असता निराळे चक्र दिसते. तक्रार सांगण्याजोगी स्त्री-डॉक्टर नाही, म्हणून तक्रार सांगितली जात नाही; तक्रारीची नोंद नाही, म्हणून गरज नाही असे मानले जाते; गरज नाही म्हणून सोय केली जात नाही. स्त्रियांचे मौन हा या चक्राचा आरंभबिंदू नाही, तो त्यातील एक टप्पा आहे. डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे महत्त्व या दृष्टीने वेगळे आहे. त्यात स्त्रियांच्या शरीरविषयक कल्पना त्यांच्याच शब्दांत येतात. कोणत्याही आकृतीतील चले निवडण्यापूर्वी असे साहित्य वाचलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

नवजात बालकांच्या गृहाधारित सेवेचा प्रयोगही याच रीतीने वाचता येतो. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३९ गावांत सेवा दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. गावातील प्रशिक्षित स्त्री, म्हणजे आरोग्यदूत, घरी जाऊन बाळ तपासत असे आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकेही देत असे. तिसऱ्या वर्षी सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्युदर दर हजारी २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६ होता. आधीच्या पातळीचा विचार करता ही घट ६२ टक्के ठरते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तोपर्यंत ‘आईवडील बाळाला दवाखान्यात नेत नाहीत’ हीच समस्या मानली गेली होती. दवाखानाच घरी गेला आणि ज्या वर्तनाला दोष दिला जात होता त्याची गरजच उरली नाही. शिवाय बाळ वाचल्याचे गावाने पाहिले, की पुढच्या घराचे दार अधिक सहज उघडते; तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बालकांपर्यंत ही सेवा पोहोचली होती. भीतीचे चक्र ज्या रचनेने फिरते त्याच रचनेने विश्वासाचे चक्रही फिरते. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली, हे सर्वज्ञात आहे.

मात्र येथे पद्धतीची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. वरील सर्व चक्रे घडून गेल्यावर काढलेली आहेत. बंग दांपत्याने आकृती काढून प्रयोग केला नव्हता. ऐकून, मोजून आणि करून पाहून केला होता. यशस्वी प्रयोगाभोवती मागाहून सुबक चक्र काढणे सोपे असते. तो प्रयोग पद्धतीची सिद्धता म्हणून पुढे करणे हे शास्त्राला धरून होणार नाही.

दारूबंदी : एकच कायदा, दोन जिल्हे

पद्धतीची खरी कसोटी लागते ती जेथे परिणाम वादग्रस्त आहे तेथे. दारूबंदीचा प्रश्न असा आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये लोकचळवळीतून दारूबंदी आली. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने स्त्रियांचे दीर्घ आंदोलन झाले, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी मोर्चा गेला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. एका जिल्ह्यात बंदी टिकली, शेजारच्या जिल्ह्यात ती सहा वर्षांत संपली. ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही एकच जिल्हा होते, हे लक्षात घेतले की तुलना अधिकच उद्बोधक ठरते.

या वादातील दोन्ही पक्षांनी आपापले एकेक चक्र मांडले. बंदीच्या समर्थकांचे चक्र असे : दारूची उपलब्धता घटते, पिणे घटते, घरातील मारहाण आणि खर्च घटतो, स्त्रियांचे बळ वाढते, गावाची देखरेख वाढते आणि उपलब्धता आणखी घटते. विरोधकांचे चक्र असे : अधिकृत दुकाने बंद होतात, किंमत वाढते, चोरट्या विक्रीतील नफा वाढतो, विक्रेते वाढतात आणि उपलब्धता पूर्वपदावर येते. पहिले दृढीकरण चक्र आहे, दुसरे संतुलन चक्र. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी फिरतात. वर्तमानपत्रांतील चर्चा मात्र यातील एक खरे व दुसरे खोटे ठरविण्यात खर्ची पडली.

प्रश्न आहे तो कोणते चक्र केव्हा प्रबळ ठरते, याचा. आणि या प्रश्नाचे उत्तर केवळ बाणांची आकृती देऊ शकत नाही. त्यासाठी साठा आणि विलंब विचारात घ्यावे लागतात. व्यसनाधीन व्यक्तींची संख्या हा साठा आहे. बंदीमुळे त्यात नव्याने येणारा प्रवाह मंदावू शकतो, पण आधीपासून व्यसनात असलेली माणसे त्याच दिवशी व्यसनमुक्त होत नाहीत. त्यांची मागणी कायम असते आणि चोरटी विक्री तिच्यावरच पोसली जाते. चोरट्या विक्रीचे जाळे काही महिन्यांत उभे राहते. नव्या पिढीत पिणाऱ्यांचे प्रमाण घटल्याचा परिणाम दिसायला एक-दोन दशके लागतात. म्हणजे कोणत्याही बंदीच्या पहिल्या काही वर्षांत तिचे तोटेच ठळक दिसणार, हे रचनेतच लिहिलेले आहे. चंद्रपूरच्या बंदीचे मूल्यमापन याच काळात झाले. सहा वर्षे ही तस्करीच्या चक्राला पुरेशी होती, व्यसनाच्या साठ्याला अपुरी. यावरून बंदी पुढे यशस्वी झालीच असती असे सिद्ध होत नाही. एवढेच म्हणता येते की २०२१ मध्ये जे मोजले गेले ते प्रामुख्याने एका चक्राचे फलित होते.

गडचिरोलीचा अनुभवही समर्थकांना वाटतो तितका सोपा नाही. कायदा १९९३ चा. परंतु शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू करावा लागला तो २०१६ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. गावोगावच्या संघटना आणि व्यसनमुक्तीचे उपचार हे त्याचे महत्त्वाचे भाग आहेत. उपचार म्हणजे साठ्यातून बाहेर जाणारा प्रवाह. कायदा आत येणारा प्रवाह अडवतो, बाहेरचा मार्ग उघडत नाही. तो निराळा उघडावा लागतो. चंद्रपूरच्या वादात या दुसऱ्या प्रवाहाकडे दोन्ही पक्षांचे लक्ष तुलनेने कमी गेले, असे म्हणावे लागते.

सीमेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. जिल्ह्याची सीमा ही महसुली सीमा असते, प्रणालीची नव्हे. २०१५ ते २०२१ या काळात वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे तीन सलग जिल्हे बंदीखाली होते. चंद्रपूरची बंदी उठताच वैनगंगेच्या पलीकडे पुन्हा अधिकृत दुकाने आली. गडचिरोलीत कायद्याचे एक अक्षर बदलले नाही आणि तरीही तेथील उपलब्धतेची परिस्थिती बदलली. दक्षिणेस प्राणहितेपलीकडे तेलंगणात दारू खुली आहेच. एका जिल्ह्यापुरती आकृती काढणारा अभ्यासक हा सारा भाग ‘बाह्य घटक’ म्हणून कागदाबाहेर ठेवतो आणि मग बंदी ‘का फसली’ याचे उत्तर जिल्ह्यातील लोकांच्या स्वभावात शोधतो.

‘दारू’ हे एकच चल मानणेही येथे चालत नाही. ट्रकमधून येणारी बाटलीबंद दारू आणि मोहफुलांची दारू यांची चक्रे भिन्न आहेत. मोह मार्च-एप्रिलमध्ये झडतो, वेचून वाळवून घरात साठविला जातो, तो अन्न आहे, उत्पन्न आहे आणि आदिवासी समाजात विधींचा भागही आहे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसा खाणी आणि कारखान्यांच्या पट्ट्यात रोख मजुरीवर उभे असलेले मद्यपान आणि एटापल्लीच्या गावातील विधीचे मद्यपान यांना एकाच वर्तुळात बसविणारी आकृती दोन्हींविषयी अपुरी ठरते. खर्ऱ्याची गोष्ट आणखी निराळी. सुपारी, तंबाखू व चुना यांचे हे घोटलेले मिश्रण दोन्ही जिल्ह्यांत पाहुण्याला पुढे करण्याची वस्तू झाले आहे. नकार देणे हा येथे आरोग्याचा नव्हे, संबंधांचा प्रश्न ठरतो. तोंडाचा कर्करोग दिसायला वर्षे लागतात, तलफ मात्र तत्काळ भागते. विलंबाचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

पेन्सिल कोणाच्या हाती

आकृतीत किती चले असावीत, या प्रश्नावर बरीच थट्टाही झाली आहे. ब्रिटिश शासनाच्या फोरसाइट कार्यक्रमाने २००७ मध्ये लठ्ठपणाचा जो प्रणाली-नकाशा प्रसिद्ध केला त्यात १०८ चले होती. अफगाणिस्तान युद्धाविषयीची अशीच एक आकृती अमेरिकी सेनाधिकाऱ्यांना दाखविण्यात आली, तेव्हा ती समजली की युद्ध जिंकलेच म्हणायचे, असा शेरा जनरल मॅकक्रिस्टल यांनी मारल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. गुंतागुंत दाखविणे म्हणजे ती समजणे नव्हे. सगळेच सगळ्याला जोडलेले आहे, हे विधान कोणतीही जबाबदारी निश्चित करीत नाही. किंबहुना ती विरघळून टाकते. बालमृत्यूच्या चौकशीत हा धोका विशेष आहे.

‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने महाराष्ट्रातील प्रत्यक्ष बालमृत्यू आणि शासकीय नोंदी यांतील मोठी तफावत पुढे आणली होती. तेथेही एक चक्र आहे. मृत्यू नोंदविला की विचारणा होते, विचारणेच्या धास्तीने नोंद टळते, नोंद नसल्याने वरच्या कार्यालयाला सारे आलबेल दिसते, साधने वाढत नाहीत आणि मृत्यू घडतच राहतात. हे वर्तन गावकऱ्यांचे नाही, यंत्रणेचे आहे. तरीही ‘सामुदायिक आरोग्यवर्तन’ या शीर्षकाखालील आकृत्यांत कर्मचारी, कार्यालय आणि कंत्राटदार यांचे वर्तन अभावानेच आढळते. ज्याच्या हाती पेन्सिल असते तो स्वतःला चित्राबाहेर ठेवतो.

यावर उपाय म्हणून लोकांनाच एकत्र बसवून आकृती काढण्याची सहभागी पद्धत सुचविली जाते. सूचना योग्य आहे, पण ती या जिल्ह्याला नवी नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीची ग्रामसभा यांच्या द्वारे अनेक वर्षे हेच केले आहे. एखाद्या निर्णयाचे परिणाम फिरून कोठे येतात, याची चर्चा झाल्याशिवाय तेथे निर्णय होत नाही. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे ही दीर्घ सवय होती. आकृती नसतानाही चक्रांचा विचार होऊ शकतो, हे यावरून दिसते. आकृती असूनही तो होत नाही, याची उदाहरणे शोधायला दूर जाण्याचे कारण नाही.

भाषेची अडचण मात्र मेंढ्यातही आणि भामरागडमध्येही सारखीच आहे. चलांची नावे मराठीत किंवा इंग्रजीत लिहिली जातात आणि चर्चा गोंडी किंवा माडियात होते. ‘आरोग्य’, ‘वर्तन’, ‘जागृती’ हे शब्द प्रशासनाच्या मराठीतून आलेले आहेत. त्यांचे भाषांतर करून विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर दुभाष्याच्या समजुतीइतकेच विश्वसनीय असते. बाणाच्या टोकाशी कोणता शब्द लिहायचा हे गावाने ठरविले नाही, तर बाणाची दिशा गावाने ठरविण्याला फारसा अर्थ राहत नाही.

शेवटी, महाविद्यालयीन संशोधनाशी थेट निगडित असलेली एक बाब. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत हे दोन्ही जिल्हे येतात आणि येथील महाविद्यालयांत अशा अभ्यासांना मोठा वाव आहे. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात आणि सर्वेक्षणेही त्याच सुमारास उरकली जातात. त्या दिवसांत धान घरात आलेले असते, रस्ते कोरडे असतात आणि हिवतापाचा जोर ओसरलेला असतो. मे महिन्यात तेंदूपानांच्या हंगामात कुटुंबे पहाटेपासून जंगलात असतात. चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी भागात त्याच काळात वाघाच्या हल्ल्याची भीतीही असते. ऑगस्टमध्ये पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. डिसेंबरमध्ये काढलेल्या आकृतीत ‘दवाखान्याचे अंतर’ हा स्थिर आकडा म्हणून लिहिला जातो. ऑगस्टमध्ये त्याच गावासाठी तो आकडा किलोमीटरमध्ये लिहिता येत नाही. पूर किती दिवसांनी उतरेल, या दिवसांत लिहावा लागतो.